शब्दांचं घराणं ओळखा : धंद्याच्या कागदांवरचं इंग्रजी पाठ न करता समजून घ्या



आज वही-पेन घेऊन बसा. पाच शब्द एकाखाली एक लिहा, इंग्रजी स्पेलिंगमध्ये : इम्पोर्ट, एक्सपोर्ट, ट्रान्सपोर्ट, रिपोर्ट, सपोर्ट. आता पाचही शब्दांत सारखी असलेली अक्षरं गोल करा. पी, ओ, आर, टी. तीच चार अक्षरं, त्याच क्रमाने, पाचही ठिकाणी.

हा योगायोग नाही. हे पाच शब्द म्हणजे एका घरातली सख्खी-चुलत भावंडं आहेत. त्यांचं आडनाव आहे पी-ओ-आर-टी.

तुम्ही म्हणाल, ताई, आपण धंदा शिकायला आलोय, इंग्रजीच्या तासाला नाही. बरोबर. पण आपला चॅनल बघणारे बरेच जण मराठी माध्यमातून शिकलेले आहेत. माल बघून तुम्ही त्याची जात सांगता, गिऱ्हाईक दुकानात शिरताच घेणार की नुसतं बघणार ते ओळखता. आणि बँकेत टेबलावर इंग्रजी कागद सरकवला की एकच प्रश्न विचारता, ‘सर, सही कुठे करू?’

ही एक जागा मला खटकते. धंद्यात नुकसान फक्त वाईट मालाने होत नाही. न समजलेल्या शब्दाखाली केलेल्या सहीनेही होतं. मी बीबीए केलंय आणि कापडाचं दुकान चालवते. दोन्हीकडून एक गोष्ट कळली : कागदावरचे शब्द पाठ करायला गेलं तर आठवड्यात विसरतात, घराण्याने ओळखले तर लक्षात राहतात. म्हणून आज धंद्याच्या काही घराण्यांशी ओळख करून घेऊ. आणि तेवढंच महत्त्वाचं म्हणजे, खोटं आडनाव लावून फिरणारे शब्दही बघू.

१. हमालाचं घराणं

लॅटिन भाषेत ‘पोर्तारे’ म्हणजे वाहून नेणं. रेल्वे स्टेशनवरचा पोर्टर म्हणजे हमाल, तो याच घरातला. हमाल डोळ्यांसमोर ठेवा आणि पुढे कोणता शब्दतुकडा जोडलाय ते बघा.

‘इम’ म्हणजे आत. इम्पोर्ट म्हणजे माल आत आणणं, आयात. ‘एक्स’ म्हणजे बाहेर. एक्सपोर्ट म्हणजे बाहेर नेणं, निर्यात. ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे. ट्रान्सपोर्ट म्हणजे इकडून तिकडे नेणं, वाहतूक. ‘रि’ म्हणजे परत. रिपोर्ट म्हणजे बातमी परत आणून देणं, अहवाल. आणि सपोर्ट म्हणजे खालून उचलून धरणं, आधार.

पाच शब्द एका हमालाने उचलले! आता पोर्टेबल म्हणजे काय हे सांगायची गरज उरली का? उचलून नेता येईल असं.

बंदरालाही पोर्ट म्हणतात. तो शब्द ‘पोर्तुस’ या शेजारच्या लॅटिन शब्दातून आला. त्यातूनच एक सुंदर शब्द तयार झाला, अपॉर्च्युनिटी. मुळात तो जहाजांना बंदराकडे नेणाऱ्या अनुकूल वाऱ्याचा शब्द. संधी म्हणजे काय? वारा आपल्या दिशेने आलाय, आता शीड उभारायला हवं.

२. कात्रीचं घराणं

हे आपलं दुकानदारांचं घराणं. अक्षरं : टी, ए, आय, एल. शब्द : रिटेल, टेलर, डिटेल. इथे टेलर म्हणजे कपडे शिवणारा, हे सांगायला नकोच.

जुन्या फ्रेंच भाषेत कापण्यासाठी जो शब्द होता, त्यातून हे तिन्ही आले. टेलर म्हणजे कापड कापणारा. आपण त्याला शिवणारा म्हणतो, पण खरं कसब कापण्यात असतं हे कोणताही मास्तर सांगेल. डिटेल म्हणजे एखाद्या गोष्टीचे बारीक तुकडे करून एकेक सांगणं, तपशील. आणि रिटेल म्हणजे मोठ्या मालातून तुकडा कापून विकणं, आपली किरकोळ विक्री. समोर होलसेल बघा. होल म्हणजे अख्खं. अख्खा तागा घेतला तर होलसेल, त्यातून तीन मीटर कापून दिलं तर रिटेल. माझ्या दुकानात हे रोज कात्रीने घडतं, पण किराणा दुकानदारही पन्नास किलोच्या पोत्यातून पाव किलो ‘कापतोच’ की.

यातून धंद्याचा एक धडा निघतो. कापताना थोडं वाया जातं. कापडाचा शेवटचा तुकडा, साखरेची सांडलवंड, पिशवी, तुमचा वेळ. होलसेल आणि रिटेल भावातला फरक हा सगळा नफा नसतो, त्यात कापण्याचा खर्च असतो. किंमत ठरवताना तो धरायला विसरू नका.

याच घराण्याचा एक नातलग तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बसलाय. त्याच्या स्पेलिंगमधली अक्षरं थोडी हललीत, पण रक्त तेच. टॅली! सॉफ्टवेअरचं नाव नंतर आलं, शब्द फार जुना आहे. लॅटिनमध्ये ‘तालेया’ म्हणजे छाटलेली काठी. कापण्याचा तो शब्दही या काठीपासूनच निघाला. इंग्लंडमध्ये शेकडो वर्षं हिशोब काठीवर खाचा पाडून ठेवत. खाचा पाडल्या की काठी उभी चिरायची, एक भाग देणाऱ्याकडे, दुसरा घेणाऱ्याकडे. हिशोबाच्या दिवशी दोन्ही भाग जोडून बघायचे. खाचा जुळल्या की हिशोब जुळला. ‘टॅली झालं का?’ असं आपण आजही विचारतो, ते याच अर्थाने.

या काठ्यांचा शेवट मात्र भलताच झाला. सरकारी तिजोरीने १८२६ मध्ये ही पद्धत बंद केली. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी लंडनच्या संसद भवनाच्या भट्ट्यांमध्ये जुन्या काठ्या जाळायला घेतल्या. आग आवरली नाही आणि संसदेची जुनी इमारतच बहुतेक जळून गेली. जुनं रेकॉर्ड निकालात काढायचं असेल तर सावकाश काढा, मंडळी!

३. विश्वासाचं घराणं आणि देण्याचं घराणं

आता वहीत दोन रकाने करा. एकात सी-आर-ई-डी, दुसऱ्यात डी-ई-बी.

पहिल्या रकान्यात क्रेडिट, क्रेडिटर, क्रेडिबल, क्रेडेन्शियल, इन्क्रेडिबल. लॅटिन ‘क्रेदेरे’ म्हणजे विश्वास ठेवणं. क्रेडिबल म्हणजे विश्वास बसेल असं, इन्क्रेडिबल म्हणजे विश्वास बसणार नाही असं. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की हा शब्द आणि आपल्या संस्कृतमधली ‘श्रद्धा’ हे एकाच प्राचीन मुळातून आले आहेत. आणि मराठीने तर अर्थ अचूक पकडलाय. क्रेडिट सोसायटीला आपण काय म्हणतो? पतसंस्था. पत म्हणजे लोकांचा तुमच्यावरचा भरवसा. गिऱ्हाईकाला उधारी देताना तुम्ही माल देता असं वाटतं, पण खरं तर तुम्ही विश्वास देत असता. तो किती आणि कोणाला द्यायचा याचा हिशोब मालाइतकाच काटेकोर ठेवा.

दुसऱ्या रकान्यात डेबिट, डेटर, डिबेंचर आणि कर्ज या अर्थाचा डेट. लॅटिन ‘देबेरे’ म्हणजे देणं लागणं. यातली गंमत डेटच्या स्पेलिंगमध्ये आहे. आपण ‘डेट’ म्हणतो, पण लिहिताना मध्ये एक मुका बी येतो. हा बी आधी नव्हता. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा त्यात बी नव्हताच. पुढे विद्वानांनी लॅटिनमधलं घराणं दिसावं म्हणून तो घातला. उच्चारात कोणी घेतला नाही, स्पेलिंगमध्ये कायमचा बसला. म्हणजे घराणं दाखवण्यासाठी अक्षर घुसवलेलं हे उदाहरण! बिलावर ‘ड्यू डेट’ छापलेलं असतं ना, त्यातला ड्यू हाही याच घरातला. त्याने मात्र फ्रेंचमधून येताना बी वाटेतच टाकला.

आता कामाचं. टॅलीत ‘संड्री डेटर्स’ आणि ‘संड्री क्रेडिटर्स’ असे दोन गट असतात आणि नवे लोक इथे हमखास गोंधळतात. सोपं करून सांगते. डेटर म्हणजे देणं लागणारा, ऋणको. तुमच्याकडून उधार नेलेलं गिऱ्हाईक. क्रेडिटर म्हणजे विश्वास ठेवणारा, धनको. तुम्हाला उधारीवर माल देणारा व्यापारी. स्वतःला एकच प्रश्न विचारा, ‘इथे विश्वास कोणी ठेवला?’ ज्याने ठेवला तो क्रेडिटर.

मग बँकेच्या स्टेटमेंटमध्ये पैसे आले की ‘क्रेडिट’ का लिहितात? कारण ती वही बँकेची आहे. तुम्ही बँकेवर विश्वास ठेवून पैसे ठेवले, म्हणून बँकेच्या वहीत धनको तुम्ही. वही कोणाची हे आधी बघायचं, मग शब्द वाचायचा. तुमच्या स्वतःच्या वहीत तीच रक्कम बँक खात्याच्या डेबिट बाजूला बसते, आणि ते बरोबरच असतं.

जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मधल्या नोटांनाही हाच नियम लावा. माल परत आला किंवा बिलात रक्कम जास्त लागली, तर पुरवठादार क्रेडिट नोट देतो, म्हणजे गिऱ्हाईकाचं देणं कमी करतो. रक्कम कमी लागली असेल तर डेबिट नोट देतो, म्हणजे देणं वाढवतो.

४. निश्चिंतीचं घराणं, आणि सही करण्याआधीचा श्वास

अक्षरं : एस, यू, आर. शब्द : शुअर, इन्शुरन्स, अ‍ॅश्युरन्स, शुअरटी. यांचा मोठा भाऊ सिक्युरिटी. मूळ लॅटिन शब्दाचे दोन तुकडे आहेत, ‘से’ म्हणजे विना आणि ‘कुरा’ म्हणजे काळजी. म्हणजे अगदी आपला ‘निश्चिंत’.

पण कागदावर हे शब्द दिसले की एक प्रश्न विचारायचाच : निश्चिंत कोण होतंय?

इन्शुरन्स घेतला तर तुम्ही निश्चिंत होता. सिक्युरिटी दिली तर बँक निश्चिंत होते. आणि ‘शुअरटी’ या शब्दाखाली सही केली तर? तुम्ही जामीनदार झालात. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम १२६ मध्ये तीन माणसं आहेत : शुअरटी म्हणजे जामीनदार, प्रिन्सिपल डेटर म्हणजे मूळ कर्जदार आणि क्रेडिटर म्हणजे कर्ज देणारा. तिघांपैकी दोघांना आपण वर भेटलोच. कलम १२८ सांगतं की करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराच्या बरोबरीची असते.

‘नुसती सही तर करायची आहे, नावापुरती,’ असं म्हणत मेहुणा, मित्र किंवा शेजारचा दुकानदार कागद पुढे करतो. नाही म्हणायला जीव होत नाही, हे मला माहीत आहे. मदत करू नका असं मी सांगत नाही. पण त्या सहीने बँक निश्चिंत होते आणि काळजी तुमच्या घरी येते, एवढं समजून करा. हप्ते थकले तर किती रक्कम भरायची तयारी आहे, हे घरात बोलून मग पेन उचला.

याच कागदांच्या गठ्ठ्यात आणखी चार अक्षरं भेटतात : एम, ओ, आर, टी. मॉर्गेजमध्ये टी मुका असतो, पण स्पेलिंग बघा. मॉर्च्युरीत तीच अक्षरं, मॉर्टॅलिटीत तीच. लॅटिनमधला मरणाचा शब्द आणि आपला ‘मृत’ हे नात्यातलेच. मॉर्गेज म्हणजे शब्दशः ‘मेलेलं तारण’. असं नाव का? सतराव्या शतकातले इंग्लंडचे कायदेपंडित एडवर्ड कोक यांनी कारण दिलं : कर्ज फेडलं तर सावकाराच्या दृष्टीने तारण मेलं, नाही फेडलं तर कर्जदाराच्या दृष्टीने मालमत्ता मेली. आपल्याकडे मॉर्गेज हे घर, गाळा, जमीन अशा स्थावर मालमत्तेचं असतं. दुकानातला माल किंवा गाडी आपल्याच ताब्यात ठेवून तारण दिली तर त्याला हायपोथिकेशन म्हणतात, सोनं बँकेच्या ताब्यात दिलं तर प्लेज.

आणि कर्जाच्या फाईलमध्ये मागे एक तक्ता असतो, ‘अमॉर्टायझेशन शेड्यूल’. त्यातही तेच एम-ओ-आर-टी! कर्ज हळूहळू मारत नेण्याचा तक्ता. तो उघडून बघा. समजा एक लाखाचं कर्ज, वर्षाला १२ टक्के, मुदत १२ महिने. हप्ता येतो साधारण ८,८८५ रुपये. पहिल्या हप्त्यात व्याज १,००० रुपये, शेवटच्यात जेमतेम ८८ रुपये. सुरुवातीला व्याज जास्त जातं आणि मुद्दल कमी फिटते. मुदत लांब असेल तर हा फरक कितीतरी मोठा दिसतो. म्हणून चार पैसे जास्त आले तर ते कर्जात लवकर भरणं सहसा फायद्याचं ठरतं, फक्त मुदतीआधी फेडण्याचा आकार किती आहे ते आधी विचारा.

५. आडनाव तेच, घर वेगळं!

आता सावधगिरी. गावात एकाच आडनावाची दहा घरं असतात, पण सगळे भाऊबंद नसतात. अक्षरांचंही तसंच आहे.

इन्व्हॉइस घ्या. त्यात व्हॉइस दिसतो, म्हणजे आवाज. पण इन्व्हॉइसचा आवाजाशी काही संबंध नाही. तो ‘पाठवणं’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दातून आला. पाठवलेल्या मालाची यादी ती इन्व्हॉइस. आवाजाचा खरा नातलग वेगळाच आहे, व्हाउचर! ते लॅटिनमधल्या हाक मारण्याच्या शब्दातून आलं. खर्चाच्या बाजूने साक्षीला बोलावलेला कागद. म्हणून सांगते, चहा-भाड्याचं व्हाउचर टाकून देऊ नका, उद्या साक्ष तेच देणार आहे.

सेल आणि सॅलरी, दोन्हींत एस-ए-एल. पण सेल उत्तर युरोपातल्या भाषांमधून आला, सॅलरी लॅटिनमधल्या मिठाच्या शब्दावरून. खाल्ल्या मिठाला जागणं आपल्याकडेही आहेच.

आणि रिटेलमधली टी-ए-आय-एल? हीच अक्षरं एकटी उभी राहिली की अर्थ होतो शेपूट. कापण्याच्या घराण्याशी या शेपटीचं काही नातं नाही.

तेव्हा अक्षरं जुळली म्हणजे नातं पक्कं झालं असं धरू नका. अक्षरं फक्त विचारायला शिकवतात, ‘तुम्ही यांचे कोण?’ उत्तर शब्दकोशात बघायचं. आणि कागदावर सही करायची असेल तर शब्दाचा उगम पुरत नाही. तिथे कायद्याने आणि करारात दिलेला अर्थच चालतो. तो समजला नाही तर बँकेतल्या अधिकाऱ्याला, सीएला किंवा वकिलाला बेधडक विचारा. विचारण्यात कसली लाज? सही तुमची आहे.

६. घराण्यांची वही

आता करायचं काय? शंभर पानी वही घ्या. या आठवड्यात दुकानात आलेला प्रत्येक इंग्रजी कागद वाचा : बिल, चलन, बँकेचा मेसेज, भाडेकरार. रोज फक्त एक न समजलेला शब्द वहीत घ्या. एका पानावर एक घराणं. वर अक्षरं, खाली भावंडं, शेजारी तुमच्या भाषेतला अर्थ आणि तुमच्याच धंद्यातलं उदाहरण. पुस्तकातलं उदाहरण नको, ते टिकत नाही. पानाच्या तळाशी एक रकाना ठेवा ‘तोतये’ नावाचा, म्हणजे अक्षरं सारखी पण नातं नाही असे शब्द.

सुरुवातीला दोन जोड्या देते. कोटेशन आणि कोटा : यांच्या मुळाशी लॅटिनमधला ‘किती?’ आहे. भाव किती, वाटा किती. कंपनी आणि कंपॅनियन : यात ‘पानिस’ म्हणजे पाव लपलाय. एकत्र बसून भाकरी खाणारे ते सोबती. भागीदारीत धंदा काढणाऱ्यांनी हा अर्थ भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

पुढची जोडी तुम्ही शोधा : बँक आणि बँकरप्ट. बँकरप्टचा शेवटचा तुकडा इंटरप्टमध्येही दिसतो. त्याचा अर्थ सापडला की दिवाळं निघाल्यावर नेमकं काय मोडतं, तेही कळेल.

वही भरायला घ्या. पुढच्या वेळी टेबलावरून कागद सरकला की ‘सही कुठे करू?’ याआधी तुमचा प्रश्न असेल, ‘या शब्दाने मी नेमकं काय कबूल करतोय?’ समोरचा माणूस खुर्चीत थोडा सावरून बसेल, बघा!